पियानोच्या डाव्या बाजूची खुर्ची

जपानमध्ये मी सात वर्षं पानं उलटली. हे वाक्य चारचौघांत म्हटलं की समोरचा माणूस आधी विड्याच्या पानांपर्यंत जातो, मग पुस्तकांपर्यंत, आणि शेवटी हळूच विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात तुम्ही?" आमच्या घरात तर नवऱ्यानं, श्रीनं, पहिल्याच आठवड्यात माझं बारसं करून टाकलं होतं. माझ्यासाठी कुणाचा फोन आला की तो गंभीर आवाजात सांगायचा, "पानवाली कामावर गेलीय. संध्याकाळी करा."

तर सांगते. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सदैव गुंतलेले. समोर स्वरलिपीचं पुस्तक, आणि त्यातलं पान मिनिटा-दीड मिनिटात संपतं. ते उलटायला एक माणूस लागतं. वादकाच्या डाव्या बाजूला, जरासं मागे, एक साधी खुर्ची असते, ती त्या माणसाची. पान संपायला दोन ओळी उरल्या की उठायचं, डाव्या हातानं उजव्या पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरायचा, वादकानं मान हलवली की पान उलटायचं आणि बसायचं. उजवा हात वापरायचा नाही, कारण तो वादकाच्या नाकासमोरून जातो. सगळी मेख अशी की वादकाचे डोळे त्याच्या बोटांच्या पुढे धावत असतात. पान लवकर उलटलं तर शेवटचे स्वर गेले, उशिरा उलटलं तर पुढचे गेले. दोन पानं एकदम उलटली तर विचारूच नका. माझ्या हातून ते एकदा झालंय आणि त्याबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही.

हे काम मला मिळालं ते कॉन्व्हेंटच्या कृपेनं. पुण्यात लष्कर भागातल्या शाळेत एका गोव्याच्या मिसकडे मी आठ वर्षं पियानो शिकले. वाजवणं बेतास बात, पण लिपी मात्र वर्तमानपत्रासारखी वाचायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीला कावासाकीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत काम मिळालं, आणि तीन वर्षांच्या ऋचाला कडेवर घेऊन मीही गेले. तिथल्या बायकांच्या जपानी भाषेच्या वर्गात प्रत्येकीनं आपली आवड सांगायची होती. इतरजणींनी स्वयंपाक आणि भरतकाम सांगितलं, मी पियानोची लिपी वाचते म्हणाले. पुढच्याच आठवड्यात वॉर्डाच्या सभागृहाचे व्यवस्थापक मात्सुनागा-सान वर्गाच्या दारात हजर. हातात स्वरलिपी आणि कॅसेट प्लेअर. कॅसेट लावली आणि म्हणाले, "बोट ठेवत चला." मी चालले. अशी माझी मुलाखत झाली आणि मला बाइतो लागली. बाइतो म्हणजे फावल्या वेळची नोकरी. आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायका बेन्तोच्या डब्यांत भात भरायच्या बाइतोवर होत्या, आणि मी एकटी स्टेजवर.

मात्सुनागा-सानांनी मला नियमांचा छापील कागद दिला. काळे कपडे. दागिना नाही. सुगंध नाही. आवाज नाही. शेवटचा नियम होता, चेहऱ्यावर भाव नाहीत. मला हसू फुटलं. ते हसले नाहीत.

दागिन्यांचं मला लवकरच कळलं. बांगड्या काढल्या होत्या, पण मंगळसूत्र काही दागिना नव्हे, अशी माझी समजूत. पहिल्याच कार्यक्रमात मी वाकले आणि वाट्या पियानोच्या लाकडावर टक् करून वाजल्या. पुढच्या वेळेपासून मंगळसूत्र पर्समध्ये. फोनवर सासूबाईंना हे सांगण्याचा मूर्खपणा श्रीनं केला आणि पुढचे दोन महिने मी त्यांची समजूत काढत होते.

सुगंधाचं प्रकरण त्याहून मजेदार. आमचं घर दीड खोलीचं. मी आमटीला फोडणी दिली की तिचा वास गाद्यांपासून कोटापर्यंत सगळ्यांना लागायचा. एका तालमीला एक तरुण वादक वाजवता वाजवता थांबला, दोनदा नाक ओढलं आणि अतिशय अदबीनं म्हणाला, "किरुताने-सान, तब्येत बरी नाही का? काही औषध चालू आहे?" कीर्तनेचं किरुताने तिथे सगळेच करत. आणि औषध म्हणजे आमचा हिंग! मी म्हणाले, पोटासाठी घेते. खोटं काय होतं त्यात? त्या दिवसापासून माझे काळे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाल्कनीत टांगलेले असत.

आणखी एकजण होते, ते वाजवताना सारखी मान हलवायचे. आता पान उलटायची खूणही मानेचीच! कुठली मान संगीताची आणि कुठली माझी, कळायचं कसं? मी सुचवलं, तुम्ही नाक ओढा. त्यांना पटलं. तालमी झकास झाल्या. कार्यक्रम मार्चमध्ये होता, आणि मार्चमध्ये तिथे देवदारासारख्या झाडांचे परागकण उडायला लागले की अर्धा देश शिंकत असतो. गृहस्थ पहिल्या स्वरापासून नाक ओढताहेत! मी त्यांच्या नाकाकडे दुर्लक्ष करून स्वतःच्या वाचनावर पानं उलटली. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही माझं नाक अचूक ओळखलंत." मी वाकून नमस्कार केला आणि गप्प बसले.

या कामात नाव नसतं. कार्यक्रमपत्रिकेत कोणी छापत नाही, टाळ्या वाजतात तेव्हा आपण पुस्तक उचलून मागच्या मागे निघून जायचं. मला त्याचं वाईट वाटायचं का? कधीकधी वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण जगातला सगळ्यात चांगला श्रोता बसतो त्याहूनही जवळ मी बसायचे. वादकाचा श्वास ऐकू यायचा, नख पट्टीला लागल्याचा आवाज ऐकू यायचा. त्या खुर्चीचा मला गर्व होता आणि अजून आहे.

आता कुवाहारा सेन्सेईंबद्दल. सेन्सेई म्हणजे शिकवणाऱ्या बाई.

एकट्याचा पियानोचा कार्यक्रम असतो, त्यात पानवालीला सहसा काम नसतं. तिथे सगळं पाठ वाजवायचं अशी रीत आहे. समोर पुस्तक ठेवणं कमीपणाचं समजतात. आमचं काम पडतं ते गाण्याच्या किंवा व्हायोलिनच्या साथीला बसणाऱ्यांकडे. म्हणून मात्सुनागा-सानांनी "कुवाहारा सेन्सेईंचा एकल कार्यक्रम आहे, तुम्ही बसाल का?" असं विचारलं तेव्हा मला वाटलं, माझंच जपानी चुकतंय.

सेन्सेई साठीच्या पुढच्या, लहानखुऱ्या, आखूड केसांच्या. पहिल्या तालमीला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी चहा ओतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्टेजवर मधेच विसरले. उठले आणि आत निघून गेले. तेव्हापासून फक्त शिकवते. आता बोटांचे सांधे धरायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी असं वाजवता येणार नाही. तेव्हा एकदा वाजवायचं आणि ध्वनिमुद्रित करायचं असं ठरवलंय. माझं एकही ध्वनिमुद्रण नाही. मी कधी करूच दिलं नाही. हे एकच असेल." मग म्हणाल्या, "पुस्तक ठेवणार आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

मी सहा तालमींना गेले. बोलणं फार नाही. वाजवायच्या आधी त्या गरम पाण्याच्या तसराळ्यात हात बुडवून बसायच्या, मी टॉवेल धरायचे. सकाळी त्यांची मूठ वळायची नाही, म्हणून तालीम नेहमी दुपारी. माझ्या कामाबद्दल त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "तुम्ही आहात हे मला कळत नाही." आमच्या धंद्यात याच्यावर कौतुक नाही. घरी येऊन मी श्रीला तीनदा सांगितलं.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. सभागृह भरलं होतं, बहुतेक सगळे त्यांचे विद्यार्थी. काही विद्यार्थ्यांचे केसही पांढरे. पियानोच्या वर दोन माइक टांगलेले. मात्सुनागा-सानांनी दारातच सगळ्यांना खोकल्याच्या गोळ्या वाटल्या होत्या.

पहिला भाग छान झाला. मध्यंतरानंतरच्या सोनाटात एक संथ तुकडा होता. संगीतकाराचं नाव लिहीत नाही, जाणकार ओळखतील आणि बाकीच्यांचं काही अडत नाही. त्यात एक जागा अशी आहे की सूर हळूहळू वर चढत जातो, एका स्वरावर येऊन उभा राहतो आणि मग काहीच नाही. पूर्ण शांतता. वादकाला वाटेल तेवढा वेळ थांबायची मुभा. नंतर तोच स्वर पुन्हा येतो, पण त्याच्याखालचे सूर बदललेले असतात. तालमीत मी ही जागा चाळीसएक वेळा तरी ऐकली होती. पान त्या शांततेनंतर लगेच उलटायचं असल्यामुळे मी उभी होते, कोपरा चिमटीत धरून.

त्या दुपारी सेन्सेईंनी तो वरचा स्वर असा काही ठेवला की मला काय झालं मी सांगू शकत नाही. ठेवला म्हणजे अगदी ठेवला, झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतात तसा. आणि हात उचलला. आणि त्या शांततेत मी म्हणाले, "वा!"

मोठ्यानं नाही हो. पण ते सभागृह असं बांधलेलं की शेवटच्या रांगेतल्या माणसानं रुमाल काढला तरी पहिल्या रांगेला कळावं.

माझे वडील गाण्याचे वेडे होते. आमच्या दिवाणखान्यात महिन्याला बैठक व्हायची आणि मी तिथे सतरंजीवर लहानाची मोठी झाले. समेवर मान जाते आणि चांगल्या जागेला तोंडातून दाद जाते, ते कोणी शिकवत नाही. गोव्याच्या मिसनं मला मनगटं सरळ ठेवायला शिकवलं, तोंडाचं त्यांच्या लक्षात आलं नाही. सात वर्षांत ते एकदाच सुटलं, आणि सुटलं ते नेमकं तिथे.

त्यातून भाषेनं घात केला. जपानीतही "वाऽ" आहे. पण तो माणूस दचकला की म्हणतो. त्यामुळे तीनेकशे लोकांना वाटलं, पानवालीला झुरळ दिसलं. पहिल्या रांगेतले एक आजोबा अर्धवट उठले. सेन्सेईंचे खांदे किंचित वर गेले. मला वाटलं, संपलं. या आता उठणार आणि आत जाणार. मीच त्यांना घालवलं.

त्या उठल्या नाहीत. जेवढं थांबायचं त्याच्याहून एक श्वास जास्त थांबल्या आणि पुढचा स्वर इतका हलका वाजवला की मला पान उलटायची भीती वाटली. उलटलं. सोनाटा पुरा झाला. टाळ्या थांबेनात. मी पुस्तक उचललं आणि पळाले.

मात्सुनागा-सान पडद्यामागे उभे होते. "काय झालं? कागद निसटला का?"

"नाही. दाद गेली."

"काय गेली?"

मला जपानी शब्द सापडेना. म्हणाले, "आमच्याकडे आवडलं की बोलतात."

"आमच्याकडेही दाद देतात, किरुताने-सान," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "संपल्यावर. हातांनी."

ध्वनिमुद्रणवाले गृहस्थ कानांवरचं यंत्र काढत आले. आवाज कापता येणार नाही म्हणाले. तो स्वराच्या घुमण्यातच मिसळला होता, तो काढायचा तर स्वरही जाणार. एकच उपाय होता. उद्या सकाळी रिकाम्या सभागृहात, तोच पियानो, तेच माइक, तेवढा तुकडा पुन्हा वाजवून जोडायचा. दुपारी सभागृह दुसऱ्यांना दिलेलं. सकाळीच करावं लागणार. सकाळी! मी कमरेत वाकून सेन्सेईंची माफी मागितली. जपानीत माफीचे जेवढे प्रकार मला येत होते तेवढे सगळे वापरले. त्या म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा." दमलात, असं. ते तिथे सगळेच सगळ्यांना म्हणतात. मग म्हणाल्या, "दहा वाजता या."

घरी मी रडले. श्री आधी खो खो हसला, मग माझा चेहरा बघून चहा टाकायला गेला. ऋचा आता दुसरीत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जपानीत म्हणाली, "हाझुकाशी!" म्हणजे, लाज आणलीस. मराठीत बोल म्हटलं तर म्हणाली, "आई, मराठीत पण तेच."

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊलाच पोचले, थर्मासमध्ये उकळतं पाणी घेऊन. सेन्सेई लोकरीच्या जाकिटात बसल्या होत्या. तसराळ्यात पाणी ओतलं. त्यांची बोटं सुजलेली होती, उजव्या हाताची मधली दोन वळतच नव्हती. मी टॉवेल धरून उभी होते आणि मनात स्वतःला शिव्या घालत होते. ज्या बाईनं आयुष्यात एकदाच ध्वनिमुद्रण करू दिलं, तिला माझ्या जिभेपायी असल्या हातांनी पुन्हा बसावं लागत होतं.

रिकाम्या सभागृहात खुर्च्यांच्या रांगाच रांगा. मात्सुनागा-सान मध्यभागी एकटे बसलेले. लाल दिवा लागला. मी ओठ दातांखाली धरले.

त्यांनी वाजवलं. त्या बोटांनी ते कसं जमलं देव जाणे, पण एक स्वर चुकला नाही. आदल्या दिवशी डाव्या हातात एक जागा किंचित घसरली होती, तीसुद्धा आज स्वच्छ आली. सूर चढत गेला. मी उठले, कोपरा धरला. वरचा स्वर. हात उचलला. शांतता.

आणि त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे बघत राहिले. त्या थांबल्या. मग पुढे गेल्या. मी पान उलटलं.

शेवटचा सूर विरल्यावर भोंग्यातून त्या गृहस्थांचा आवाज आला, "निर्दोष. झालं." मात्सुनागा-सान उठून टाळ्या वाजवायला लागले. नियमाप्रमाणे, संपल्यावर, हातांनी.

सेन्सेईंनी हात मांडीवर ठेवले. "किरुताने-सान, आज काही बोलला नाहीत."

"नाही, सेन्सेई. ओठ दाबून धरले होते."

"दाबावे लागले का?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? समोर मात्सुनागा-सान माझ्याकडे बघत होते, आणि ते काय म्हणत होते ते न बोलता कळत होतं. हो म्हणा. तिथे अशा वेळी सगळे हो म्हणतात. सुरेख झालं, म्हणतात आणि वाकतात. इतक्या वर्षांत मीही हजारदा म्हटलं होतं. एक शब्द, आणि सगळे सुखानं घरी गेले असते. पण खोटी दाद देणं आमच्या घरात चोरीइतकं वाईट होतं. वडील म्हणायचे, न आवडलं तर सुपारी कातरत बस, पण मान हलवू नकोस. आणि ज्या बाईनं मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून विचारलं होतं, तिच्याशी मी खोटं कशी बोलणार?

"नाही, सेन्सेई," मी म्हणाले. "आलंच नाही."

मात्सुनागा-सानांनी डोळे मिटून घेतले.

सेन्सेईंना हसू आलं. तोंडावर हात न ठेवता हसल्या. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले.

"मलाही नाही आलं," त्या म्हणाल्या. आणि भोंग्याकडे वळून म्हणाल्या, "कालचंच ठेवा."

"पण सेन्सेई, तो आवाज..."

"राहू द्या. तो आहे म्हणून मला कळतं की ते बरं झालं होतं."

यानंतर त्यांनी एकल कार्यक्रम केला नाही, बोटांनी करू दिला नाही. विद्यार्थ्यांना मात्र शेवटपर्यंत शिकवलं. काही महिन्यांनी सीडी तयार झाली, विद्यार्थ्यांपुरती. एक प्रत पोस्टानं माझ्याकडे आली. पत्रिकेत माझं नाव नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पण मात्सुनागा-सान व्यवस्थापक माणूस. सीडी बिघडलेली समजून कुणी परत पाठवेल म्हणून त्यांनी पाकिटाच्या मागे, सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एक ओळ छापून घेतली होती. मी ती श्रीला आणि ऋचाला मोठ्यानं वाचून दाखवली: "संथ तुकड्यात ऐकू येणारा मानवी आवाज हा उत्पादनातला दोष नाही."